प्रकाश सापळ्यातील नोंदी : रात्रीच्या कीटकांची मोजणी आणि तिचा अर्थ

सूर्यास्तानंतर शेतात जे घडते त्याचा बराचसा भाग शेतकऱ्याच्या नजरेआड राहतो. कपाशीवरील बोंडअळ्या, भातावरील खोडकिडा, हरभऱ्यावरील घाटे अळी, मक्यावरील लष्करी अळी या सर्वांचे प्रौढ पतंग रात्री उडतात. त्यांचे मीलन रात्री होते आणि माद्या अंडीही बहुधा अंधारातच घालतात. दिवसा पिकात फिरणाऱ्यास अळी किंवा तिने केलेले नुकसान दिसते, तोवर पतंगांची पिढी आपले काम उरकून गेलेली असते. ही पिढी उडत असतानाच तिचा सुगावा लागावा, यासाठी प्रकाश सापळा वापरला जातो.

अलीकडे सौरऊर्जेवर चालणारे सापळे अनेक ठिकाणी दिसतात आणि सापळ्याच्या भांड्यात सकाळी पडलेला कीटकांचा खच पाहून कीड आटोक्यात आल्याचा समज होतो. काही मोजक्या किडींच्या बाबतीत तो खराही असतो. परंतु बहुतेक वेळा प्रकाश सापळ्याचे मोल पर्जन्यमापकासारखे असते. पर्जन्यमापकात साठलेले पाणी शेताच्या उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो त्यावरून घेतलेला आकडा. हा आकडा विश्वसनीय कसा ठेवावा, त्यावरून काय समजते आणि काय समजत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पतंग दिव्याभोवती का फिरतात?

दिव्यावर झेपावणारा पतंग ही कविकल्पनेची जुनी आवडती प्रतिमा असली, तरी या वर्तनामागील कारणाविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. चंद्राच्या आधाराने दिशा ठरविणारा पतंग दिव्यालाच चंद्र समजतो, असे एक स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाई. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळे चित्र समोर आणले. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांच्या उड्डाणाचे चित्रण केले असता असे दिसले की, दिव्याजवळून जाणारे कीटक थेट दिव्याकडे झेपावत नाहीत, तर ते आपली पाठ दिव्याकडे वळवितात.

कारण सरळ आहे. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते. त्यामुळे उजळ बाजूकडे पाठ ठेवली की कीटकाचे शरीर हवेत आपोआप समतोल राहते. दिवा बाजूला असेल तर पाठ त्याच्याकडे वळविण्याच्या प्रयत्नात उड्डाणाचा मार्ग वाकतो आणि कीटक दिव्याभोवती घिरट्या घालू लागतो. तो दिव्याच्या वर आला तर उलटा होऊन खाली कोसळतो. सापळ्यात दिव्याभोवती उभ्या पट्ट्या आणि खाली नरसाळे का बसवितात, याचे उत्तर या वर्तनात आहे. घिरट्या घालणारा कीटक पट्टीवर आदळतो आणि नरसाळ्यातून भांड्यात पडतो.

या स्पष्टीकरणावरून सर्वेक्षणासाठी महत्त्वाचा एक निष्कर्ष निघतो. सापळा दूरवरच्या शेतातील कीटक ओढून आणत नाही. तो जवळून उडणाऱ्यांना अडकवितो. बहुतेक पतंगांच्या बाबतीत सापळ्याचा प्रत्यक्ष आवाका शंभर मीटरच्या आतच असतो. म्हणून सापळ्यातील संख्या ही परिसरातील एकूण संख्या नसते. त्या रात्री, त्या ठिकाणी किती कीटक उडत होते आणि त्यांपैकी किती दिव्याला प्रतिसाद देणारे होते, एवढेच ती दर्शविते.

दिव्याला न येणारे कीटक

वरील संशोधनात काही अपवादही आढळले. त्यांपैकी एक म्हणजे कण्हेरीवर वाढणारा हिरव्या रंगछटांचा हॉक मॉथ. तो भारतात सर्वत्र आढळतो, परंतु दिव्यावरून जाताना त्याच्या उड्डाणात अपेक्षित वळण दिसले नाही. असेच अपवाद शेतातही भेटतात आणि ते लक्षात न घेतल्यास सापळ्यातील शून्याचा चुकीचा अर्थ लावला जातो.

संत्रा, मोसंबी आणि डाळिंबाच्या बागांत पिकू लागलेल्या फळांना सोंडेने छिद्र पाडून रस शोषणारे मोठे पतंग हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचे मागचे पंख नारिंगी असून त्यांवर काळे पट्टे असतात. फळाच्या वासाने ते बागेत येतात. दिव्याकडे मात्र फारसे वळत नाहीत. सापळा रिकामा असूनही बागेत फळगळ सुरू असू शकते. अशा बागेत अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विजेरी घेऊन फिरावे. फळावर बसलेल्या पतंगांचे डोळे उजेडात चमकतात आणि त्यांची मोजणी करता येते. या पतंगांच्या अळ्या फळझाडांवर वाढत नाहीत. त्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात. त्यामुळे बांधावरील आणि कुंपणावरील वेलींची पाहणी दिवसा करणेही आवश्यक ठरते.

भातावरील तपकिरी तुडतुड्यांची गोष्ट वेगळी आहे. या किडीचे प्रौढ लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे अशा दोन प्रकारचे असतात. दिव्यावर येतात ते उडू शकणारे लांब पंखांचे तुडतुडे. आखूड पंखांच्या माद्या बुंध्याशीच राहून वेगाने प्रजनन करतात आणि त्या सापळ्यात कधीच दिसत नाहीत. सापळ्यातील वाढती संख्या बाहेरून येणाऱ्या तुडतुड्यांची सूचना देते. बुंध्याजवळ किती कीड आहे, हे मात्र चुडे बाजूला सारून, वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एकच दिवा, एकच जागा, एकच वेळ

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये प्रकाश सापळ्यातील पतंगांची पद्धतशीर मोजणी सुरू केली. दिवा, जागा आणि वेळ न बदलता रोज रात्री मोजणी करण्याची शिस्त हेच त्या कामाचे बळ होते. भारतातही ही परंपरा आहे. पश्चिम बंगालमधील चिनसुरा येथील भात संशोधन केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा सापळा भातावरील किडींच्या नोंदींसाठी प्रचलित आहे. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाची विविध राज्यांतील केंद्रे प्रकाश सापळ्यांच्या नोंदी ठेवतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत १९७० च्या दशकापासून घाटे अळीच्या पतंगांची सापळ्यांद्वारे मोजणी झाली.

या कामातील पहिला नियम असा की तुलना करायची असेल तर साधन बदलू नये. कीटकांचे डोळे अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशास अधिक संवेदनशील असतात, तांबड्या प्रकाशास कमी. त्यामुळे जुना मर्क्युरी दिवा, अतिनील नळी, अतिनील एलईडी आणि घरगुती पिवळा बल्ब यांवर येणाऱ्या कीटकांची संख्या व प्रकार वेगवेगळे असतात. हंगामाच्या मध्यावर दिवा बदलल्यास संख्या वाढली ती किडीमुळे की दिव्यामुळे, हे सांगता येत नाही. बदल अपरिहार्य असेल तर नोंदवहीत तारखेसह त्याचा उल्लेख करावा. शक्य असल्यास काही रात्री जुना आणि नवा दिवा एकमेकांपासून पुरेशा अंतरावर लावून दोन्हींच्या नोंदी घ्याव्यात.

प्रत्येक रात्रीच्या नोंदीत पुढील बाबी असाव्यात :

१. तारीख, ठिकाण, सापळ्याची जमिनीपासूनची उंची आणि सभोवतालचे पीक व त्याची अवस्था.
२. दिव्याचा प्रकार व क्षमता. दिवा लावण्याची आणि मालवण्याची वेळ.
३. कमाल व किमान तापमान, पाऊस, वारा आणि ढगाळपणा.
४. चंद्राची तिथी आणि चंद्र आकाशात असण्याचा काळ.
५. प्रत्येक प्रमुख किडीची संख्या. शक्य असेल तेथे नर आणि माद्यांची वेगळी संख्या.
६. मित्रकीटकांची संख्या.
७. दिवा बंद पडणे, वीज जाणे, भांड्यात पाणी शिरणे यांसारखे व्यत्यय.

शेवटची बाब अनेकदा वगळली जाते. दिवा बंद राहिलेल्या रात्री ‘शून्य’ लिहिल्यास ती नोंद दिशाभूल करते. दिवा चालू असून कीटक न येणे आणि दिवाच चालू नसणे यांत फरक आहे. पहिल्या रात्री शून्य लिहावे. दुसऱ्या रात्रीची जागा कारण नमूद करून रिकामी ठेवावी.

आकडा वाचताना

पौर्णिमेच्या आसपास सापळ्यातील पतंगांची संख्या सर्वसाधारणपणे घटते. चांदण्यामुळे पार्श्वभूमी उजळते, दिव्याचा प्रभाव कमी अंतरापर्यंत पोहोचतो आणि काही जातींच्या उड्डाणातही बदल होतो. कीड तेवढीच असताना आठवडाभर आकडा उतरता दिसतो आणि अमावास्येकडे तो पुन्हा चढतो. हा चढ पाहून नवी पिढी आल्याचा निष्कर्ष काढल्यास अनावश्यक फवारणी होण्याचा धोका असतो. म्हणून एका पौर्णिमेच्या आठवड्याची तुलना मागील अमावास्येच्या आठवड्याशी न करता मागील पौर्णिमेच्या आठवड्याशी करावी. उबदार, दमट, ढगाळ आणि वारा नसलेल्या रात्री पतंग अधिक येतात. जोराचा वारा किंवा थंडी असेल तर कमी. हवामानाची नोंद जवळ असल्यास हे चढउतार समजून घेता येतात.

दुसरी अडचण सरासरीची आहे. समजा, पाच रात्री अनुक्रमे ५, ८, ६, ४०० आणि ७ पतंग आले. त्यांची साधी सरासरी ८५ येते. परंतु ८५ च्या जवळपास पतंग यांपैकी एकाही रात्री आलेले नाहीत. कीटकांच्या संख्येत अशी उसळी नेहमीची असते. विल्यम्स यांनी १९३० च्या दशकातच यासाठी लॉगॅरिथमचा, म्हणजे पर्यायाने गुणोत्तर मध्याचा वापर सुचविला. वरील उदाहरणात गुणोत्तर मध्य सुमारे १५ येतो. गणित टाळायचे असेल तर संख्या चढत्या क्रमाने लिहून मधली संख्या घ्यावी. येथे ती ७ आहे. त्याचबरोबर ४०० चा आकडा चूक समजून खोडूही नये. ती रात्र पावसानंतरची होती काय, शेजारच्या शेतातील पिकाची काढणी झाली होती काय, वारा कोणत्या दिशेचा होता, याचा शोध घ्यावा. कित्येकदा स्थलांतर किंवा नव्या पिढीचा उदय अशा एकाच रात्रीतून कळतो.

तिसरी खबरदारी आर्थिक नुकसानीच्या पातळीविषयी आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग ही पातळी प्रसिद्ध आहे. ही पातळी कामगंध सापळ्यासाठी ठरविलेली आहे. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाने एकाच जातीचे नर येतात, तर प्रकाश सापळ्यात अनेक जातींचे नर आणि माद्या दोन्ही येतात. एका सापळ्याची पातळी दुसऱ्यास लावणे म्हणजे लिटरच्या मापाने कापड मोजण्यासारखे आहे. प्रकाश सापळ्यातील पतंगांची वाढ दिसताच करावयाचे काम फवारणीचे नसते. ते पाहणीचे असते. पिकात जाऊन अंडी, अळ्या आणि नुकसानग्रस्त पात्या, फुले, बोंडे मोजावीत आणि फवारणीचा निर्णय त्या मोजणीवर घ्यावा.

माद्यांची तपासणी हा प्रकाश सापळ्याचा विशेष लाभ आहे. पोट अंड्यांनी भरलेल्या माद्या अधिक असल्यास अंडी घालण्याचा काळ सुरू होत असल्याचे समजते आणि पिकातील अंड्यांची पाहणी कधी वाढवावी, हे ठरविता येते.

सापळा नियंत्रणास कधी उपयोगी पडतो?

काही किडींचे प्रौढ थोड्याच दिवसांत एकदम जमिनीतून बाहेर पडतात. अशा किडींच्या बाबतीत प्रौढ पकडून मारणे फलदायी ठरते. भुईमुगावरील लाल केसाळ अळीचे पतंग पावसाळ्याच्या पहिल्या चांगल्या सरींनंतर मोठ्या संख्येने निघतात. दक्षिणेकडील राज्यांत तसेच राजस्थान आणि गुजरातमध्ये या काळात गावाने मिळून प्रकाश सापळे किंवा शेकोट्या लावण्याची शिफारस फार पूर्वीपासून आहे.

हुमणीचे भुंगेरेही पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, तेथे पाने खातात आणि त्यांचे मीलन होते. पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. या झाडांजवळ सापळे लावणे आणि फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, ही दोन्ही कामे एकत्र केल्यास अंडी घालण्यापूर्वीच माद्या नष्ट होतात. मात्र हे काम एकट्याने न करता शिवारातील सर्वांनी एकाच सुमारास करावे लागते. अन्यथा शेजारच्या शेतातील भुंगेरे पुन्हा येतात.

या मर्यादित काळाबाहेर रात्रभर, वर्षभर सापळा चालू ठेवण्याची किंमत मित्रकीटकांना मोजावी लागते. सापळ्यात क्रायसोपा, भक्षक भुंगेरे, तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण आणि परोपजीवी माश्याही पडतात. त्यामुळे दिवा सायंकाळी काही तासच, सर्वसाधारणपणे अंधार पडल्यापासून रात्री दहा-अकरापर्यंत, लावावा. वेळ नियंत्रित करणारे उपकरण असलेला सापळा यासाठी सोयीचा असतो. आयसीएआरच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राने लहान मित्रकीटकांना भांड्यातून निसटता येईल अशी रचना असलेला सापळा विकसित केला आहे. कोणताही सापळा वापरला तरी मित्रकीटकांची संख्या मोजली जात नसेल, तर सापळ्यापासून लाभ होतो की हानी, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

पांढऱ्या पडद्यावरील सर्वेक्षण

भारतातून पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी पिकांची कीड ठरणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत. पपईच्या फुलांचे परागीभवन हॉक मॉथ करतात. टसर, एरी, मुगा आणि तुती रेशीम देणारे जीव पतंगच आहेत. शेताच्या परिसरात फिरणारी कीटकभक्षी वटवाघळे, रातवे आणि पिंगळे पतंगांवर उपजीविका करतात. या जातींची माहिती मिळविण्यासाठी कीटक न मारता सर्वेक्षण करता येते.

पद्धत सोपी आहे. साधारण दोन मीटर लांबीचे स्वच्छ पांढरे सुती कापड दोरीवर ताणून बांधावे, त्याचा खालचा भाग जमिनीवर पसरावा आणि समोर दिवा टांगावा. कापडावर बसलेल्या पतंगांची छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत आणि वेळ लिहावी. काही जाती अंधार पडताच येतात, तर काही मध्यरात्रीनंतर. म्हणून दर तासाची नोंद वेगळी ठेवावी. पंखांवरील नक्षीसोबत शृंगिकांचा आकार आणि बसण्याची ढब छायाचित्रात आल्यास ओळख सुकर होते. लहान पतंगांच्या कित्येक जाती केवळ छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. अशा वेळी जातीचे नाव अंदाजाने न लिहिता कुळापर्यंतच नोंद करावी. ओळखीचा पाया म्हणून हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात सिद्ध केलेल्या ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील पतंगांवरील चार खंडांचा आजही आधार घेतला जातो. नावे बरीच बदलली असल्याने नव्या सूचींशी ती ताडून पाहावी लागतात.

पडद्यावर पतंगांखेरीज इतर प्राणीही येतात. भुंगेरे, प्रार्थनाकीटक आणि नाकतोडे दिव्यामुळे येतात; बेडूक आणि पाली त्यांना खाण्यासाठी येतात. बांधावर हातातील अतिनील विजेरी फिरविल्यास विंचू हिरवट तेजाने चमकतात, कारण त्यांच्या बाह्यकवचातील द्रव्ये अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. कपाळावर साधी विजेरी बांधून पाहिल्यास गवतातील शिकारी कोळ्यांचे डोळे बारीक ठिणग्यांसारखे दिसतात. शेतातील भक्षकांची ही गणना दिवसा करणे जवळपास अशक्य असते.

सुरक्षिततेचे काही नियम पाळावेत. अतिनील दिव्याकडे सतत पाहू नये आणि अतिनील किरण अडविणारा चष्मा वापरावा. बाहेरची काच फुटलेला मर्क्युरी दिवा लावू नये. तापलेल्या दिव्यावर पावसाचे पाणी पडू देऊ नये. कीटकांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप येण्याची शक्यता असल्याने उंच बूट घालावेत. वनक्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय सर्वेक्षण करू नये.

काम संपल्यावर पडदा तसाच ठेवून जाणे योग्य नाही. पहाट होताच बुलबुल, कोतवाल आणि दयाळ पडद्यावरील निश्चल पतंग टिपू लागतात. म्हणून उजाडण्यापूर्वी दिवा मालवून पतंग अलगद जवळच्या झुडपांत सोडावेत आणि त्याच जागी लागोपाठ अनेक रात्री दिवा लावणे टाळावे.

सलग नोंदींचे महत्त्व

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली आणि अल्पावधीतच ती देशभरातील मक्यावर पसरली. नव्याने आलेली जात वेळीच ओळखायची असेल तर आधी कोणत्या जाती होत्या, हे ठाऊक असावे लागते. ही माहिती एका रात्रीच्या मोठ्या आकड्यातून मिळत नाही. एकाच दिव्याने, एकाच जागी, ठरलेल्या वेळी वर्षानुवर्षे घेतलेल्या साध्या नोंदींतून ती तयार होते. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये आणि शेतकरी गट यांनी किमान एक सापळा या शिस्तीने चालवून त्याच्या नोंदी जवळच्या संशोधन केंद्रास नियमित कळविल्यास त्या परिसरातील फवारणीचे निर्णय अंदाजाऐवजी मोजणीवर आधारता येतील.